बसवले, पण बसले नव्हते

आमच्या वसाहतीत एक वाक्य गेली सात वर्षं थट्टेचं म्हणून चालत आलं आहे. कुणाचा नळ दुरुस्त करूनही गळत राहिला, दाराची नवी कडी लागेनाशी झाली, की कुणीतरी म्हणतंच, "बसवलंय हो, पण बसलं नव्हतं!" मग सगळे हसतात. मीही हसल्यासारखं करत आलो.

हे वाक्य एका मोटार मिस्त्रींचं आहे. ते बोलले तेव्हा आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. त्या वाक्याचा खरा अर्थ त्यांतल्या फक्त दोघांना ठाऊक होता. एक ते स्वतः आणि दुसरा मी. मी अर्थ सांगितला नाही, म्हणून वाक्याचा विनोद झाला आणि एका चांगल्या कारागिराचं नाव गेलं. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. त्या दिवशी तिथे असलेले निम्मे लोक वसाहत सोडून गेले, काही जगातूनच गेले. जे आहेत त्यांच्या दारोदार जाऊन सांगण्याची ताकद पायांत नाही. म्हणून लिहितो.

आमची गाडी साधी, छोटी, चार दारांची. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर घेतलेली. मुलगी मंगळवेढ्याला दिलेली, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी सोलापूर-मंगळवेढा व्हायचं. थंडीत त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन, वर लटकणारा ऊस, मागचा लाल दिवा असला तर नशीब. अशा एका ट्रॉलीमागे एकदा माझा ब्रेक करकर वाजला आणि गाडी मनात होती त्यापेक्षा हातभर पुढे जाऊन थांबली. तेव्हापासून मला ब्रेकचं वेड लागलं. फोनवर मी तासन् तास ब्रेक पॅडचे व्हिडिओ बघू लागलो. धातूची भुकटी घातलेले, सिरॅमिकचे, शर्यतीच्या गाड्यांचे. पस्तीस वर्षं मुलांना घर्षणाचा धडा शिकवलेला माणूस मी. मला वाटलं, हे तर आपलंच शास्त्र. जेवताना बायकोला सांगायचो, संध्याकाळी कट्ट्यावर सांगायचो, जावयांना फोनवर सांगायचो की आता मी गाडीला असे ब्रेक लावणार की बघत राहाल.

मिस्त्रींचं गॅरेज कुंभारीकडे जाणाऱ्या रस्त्याला, पत्र्याच्या शेडमध्ये. ते विणकरांच्या घरातले. वडील चादरीच्या मागावर होते. घरात तेलुगू, शिक्षणही तेलुगू माध्यमाच्या शाळेत, सातवीपर्यंत. हात पुसायला ते मागावरचा वाया गेलेला सुताचा गुंता वापरत, रंगीबेरंगी. ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. मी त्यांना तेव्हा 'अरे-तुरे' करत असे, ते मला 'सर' म्हणत. इथे मी त्यांच्याबद्दल आदरानेच लिहिणार आहे. तेवढं तरी उशिरा का होईना.

मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, "हे पॅड पाहिजेत. शर्यतीच्या गाड्यांना लावतात ते."

त्यांनी चित्र नीट पाहिलं. "भारी हायत की. शर्यत कुटं ठेवलीय सर? कुंभारीच्या माळावर का?"

"थट्टा नको. जे उत्तम आहे ते लाव."

"लावतो की. एक सांगा, सकाळी गाडी काढली की पहिला ब्रेक कुटं लागतो?"

मला हा प्रश्न पोरकट वाटला. पण ते खरोखरच उत्तराची वाट बघत उभे राहिले. मग मी विचार केला. घरातून निघालं की बोळ, बोळाच्या तोंडाशी वळण, तिथे भाजीवाल्या मावशीची हातगाडी.

"घरापासून किती?"

"असेल पन्नास पावलं."

"मग पन्नास पावलांत पॅड तापतंय व्हय? तुमचं हे शर्यतीचं पॅड तापल्याबिगर धरत न्हाय. त्ये तापेस्तवर मावशी हातगाडीसकट बॉनेटवर येती की!"

गार आणि तापलेल्या पृष्ठभागांचं घर्षण वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते माहीत असणं आणि भाजीवाल्या मावशीपर्यंत पोचणं यांत पस्तीस वर्षांचं अंतर होतं. त्यांनी ते एका प्रश्नात कापलं. नंतर मी किती तरी शिकलेल्या माणसांना पाहिलं, पण ज्याला वस्तू द्यायची त्याच्या दिवसाची सुरुवात कुठून होते हे आधी विचारणारा माणूस मला क्वचितच दिसला.

मग त्यांनी पुढची चाकं काढली. मी स्टुलावर बसून बघत होतो. पॅड ज्या लोखंडी चकतीला धरतात त्या डिस्कच्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं, जसं आपण पुस्तकाच्या कडेवरून फिरवतो. जुने पॅड काढून शेजारी-शेजारी ठेवले आणि मला म्हणाले, "सर, बघा. बाहेरचं अजून जाड हाय, आतलं कागद झालंय. का?"

मी दोन्ही पॅड हातात घेऊन बघितले.

"हितं ह्या दोन पिना हायत. ह्यांच्यावर सगळं सरकतं. एक आडकलीय. म्हंजे एकटं आतलंच पॅड राबत व्हतं, बाहेरचं नुसतं बघत बसलं व्हतं. तुमी सोन्याचं पॅड आणलं असतं तरी ह्येच झालं असतं."

त्यांनी पिना काढून घासल्या, नवं ग्रीस लावलं, रबरी टोप्या बदलल्या. मग टायर तपासले. "ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो," म्हणाले. हे वाक्य मी माझ्या एकाही वर्गात इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. टायर चांगले निघाले.

शेवटी त्यांनी तीन खोकी बाकावर मांडली. गाडीबरोबर येतात तसले साधे पॅड, सिरॅमिकचे, आणि तिसरे धातूमिश्रित, मी मागत होतो त्यांच्या जवळपासचे. मधलं खोकं उचललं. "ह्ये गार असताना बी धरतं. चार माणसं घिऊन मंगळवेढ्याला गेलात तरी दम सोडत न्हाय. डिस्कला खात न्हाय, वरडत बी न्हाय." मी तिसऱ्या खोक्याकडे बघतोय हे त्यांनी ओळखलं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "ह्ये बी चांगलंच हाय सर. पर तुमचं न्हाय."

पॅड लागले. मी निघायला उठलो तर ते किल्ली देईनात.

"बसवलंय, पर अजून बसलं न्हाय. मी एक चक्कर मारून आणतो."

त्यांनी समजावून सांगितलं. नवं पॅड आणि जुनी डिस्क यांची गाठ पडायला वेळ लागतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर साठपर्यंत न्यायची, दाबत दाबत वीसवर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मग गार व्हायला थोडं अंतर तशीच सोडायची. असं दहा वेळा. त्यानंतर दोनशे किलोमीटर जपून, पुढच्या गाडीपासून लांब. "मागावर उभ्या सुताचा नवा ताणा चढवला की पहिलं वीतभर कापड आमी धरत न्हाय सर. ताण बसेस्तवर त्ये तसंच येतं. ब्रेकचं बी तसंच. ते वीतभर जाऊ द्या. आज मंगळवेढ्याला न्हेऊ नका."

घरी जावई जेवायला यायचे होते. मी घड्याळ बघत होतो. हसून म्हणालो, "अरे, घर्षण मी शिकवतो. मला काय शिकवतोस? करतो मी."

ते हसले नाहीत. "करा बरं का," म्हणाले आणि किल्ली दिली.

मी केलं नाही. सरळ घरी आलो.

जेवणं झाली. जावयांना कामामुळे लगेच परतायचं होतं आणि आमच्या हिला लेकीकडे चार दिवस राहायचं होतं. ते एसटीने आले होते. जाताना आमची गाडी न्यायची आणि पुढच्या रविवारी आणून द्यायची, असं त्यांचं ठरलं. पिशव्या डिकीत गेल्या. जावयांनी विचारलं, "मामा, ब्रेक बसवले?"

"बसवले की! आता नुसता पाय ठेवा, खिळल्यासारखी उभी राहील."

एवढंच बोललो. 'पण' हा शब्द तोंडाशी आला होता. तो बोललो असतो तर पुढे सांगावं लागलं असतं की गाडी आज नेता येणार नाही, कारण मी सांगितलेलं काम केलेलं नाही. महिनाभर ज्या ब्रेकच्या बढाया मारल्या ते अजून कच्चे आहेत. पिशव्या उतरवाव्या लागल्या असत्या. जावयापुढे तोंड पडलं असतं. मी 'पण' गिळला आणि फाटकातून हात हलवला.

मंगळवेढ्याच्या अलीकडे पुढची उसाची ट्रॉली एकाएकी मंदावली. जावयांनी पाय ठेवला. खिळल्यासारखं काही झालं नाही. त्यांनी जोरात दाबलं तोवर अंतर संपलं होतं. वेग बराच कमी झाला होता, म्हणून जीव वाचले. जावयांना खरचटलं. हिने समोर हात टेकवला होता. तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं ते थोडं वाकडं. लेकीकडून आजही मंगळवेढ्याची ज्वारी येते. ही चपाती लाटते, पण भाकरी थापता येत नाही. तिच्या हातच्या भाकरीला पापुद्रा असा सुटायचा की वाफ धरून राहायची. सात वर्षं झाली, ती भाकरी आमच्या घरात नाही.

आता दोष कुणाचा? आमच्याकडे जावयाला बोल लावत नाहीत. लेकीचा संसार असतो. मी स्वतःला लावला नाही. उरले मिस्त्री.

दोन दिवसांनी जावई, त्यांचे भाऊ आणि आमच्या वसाहतीतले सात-आठ जण गॅरेजवर गेले. मलाही नेलं. जावयांनीच विचारलं, "ब्रेक बसवले होते का नव्हते?"

मिस्त्री हातातला सुताचा गुंता ठेवून उठले. आधी विचारलं, "ताईंचा हात कसा हाय?" मग म्हणाले, "बसवले व्हते. पर बसले नव्हते."

मग कुणीतरी ओरडलं, "ऐका! स्वतःच्या तोंडानं म्हणतोय, बसले नव्हते!"

"वा रे मिस्त्री! बसवले पण बसले नव्हते! उभेच होते काय?"

हशा पिकला. मिस्त्रींनी दोन-तीनदा सांगायचा प्रयत्न केला. त्यांचं मराठी रागात अडखळतं, मध्येच तेलुगू येते. लोक आणखी हसले. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी म्हणूनसुद्धा नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं आणि आपण त्याच्याकडे बघतो, तसं.

"सरांना इचारा की. सरांना ठावं हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी काय सांगणार? मी काय मिस्त्री आहे?"

माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट वाक्य हे. मिस्त्री वळले. खाली बसले आणि त्यांनी गुंता उचलला.

वसाहतीतल्या गाड्या तिकडे जायच्या बंद झाल्या. सरांचा शब्द होता ना. मी शब्द दिलाच नव्हता, पण न देणंही पुरेसं झालं. कुणी शेडच्या पत्र्यावर खडूने 'बसलेनव्हते गॅरेज' असंही लिहून आलं. मिस्त्रींनी ते पुसलं नाही, पुढच्या पावसाने पुसलं. मोटारी सुटल्या तसं ते रिक्षांचं काम करू लागले. हे सगळं मला कळत होतं. मी वाट बदलून फिरायला जात होतो.

गेल्या हिवाळ्यात मी नवी पेठेतून रिक्षाने येत होतो. रिक्षाच्या हँडलला लाल सुताचा एक दोरा बांधलेला आणि त्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी ओवलेली. अक्षर वेडंवाकडं, काही अक्षरं तेलुगू वळणाची. मी चष्मा सावरून वाचलं. 'ब्रेक बसवले. बसले न्हाई.'

मी रिक्षावाल्याला विचारलं, "हे काय आहे?"

"आमच्या मिस्त्रीचा नेम हाय काका. ब्रेकचं काम केलं की ह्यो दोरा बांधतो. पयल्या वळणावर आपसूक हाताला लागतो. मग माणूस जपून चालवतो. ठरल्या अंतरानं गाडी घिऊन जायाचं, तो सोता चालवून बघतो आन् दोरा सोडतो. त्यानंच सोडायचा, आपण न्हाय."

"सगळ्यांना बांधतो?"

"सगळ्यास्नी. म्या म्हनलं, मला ठावं हाय की सगळं, मला कशाला? तर म्हनतो, एकदा माझं सांगणं कमी पडलं व्हतं."

बाजारात गर्दी होती, रिक्षा इंचाइंचाने सरकत होती. मी तो दोरा बघत बसलो. माझं सांगणं कमी पडलं. ज्या माणसाने किल्ली हातात धरून ठेवून सांगितलं होतं, त्याने सात वर्षं दोष स्वतःकडे घेऊन त्यातून एक पद्धत काढली होती. ज्या शब्दावरून त्यांची टर उडाली तोच शब्द त्यांनी सोडला नव्हता, गाडी-गाडीला बांधला होता. मला लाज वाटली हे खरं. पण त्याहून आधी मला त्या कामाचं कौतुक वाटलं. किती साधं आणि किती अचूक. सांगितलेलं माणूस विसरतो, हाताला लागलेलं विसरत नाही.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. माहेर अक्कलकोटकडचं, राग आला की तिची कन्नड बाहेर येते.

"इतकी वर्षं सुम्मने बसलात?" सुम्मने म्हणजे गप्प, उगीच. "सात वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. कणीक मळताना घातल्या, वेणी घालताना घातल्या. त्या परत कशा घेऊ?"

"तुझी माफी..."

"माझं राहू द्या. माझा हात मी बघीन. आधी तिथं जाऊन सांगा. आणि एकटे जाऊ नका, जावईबापूंना घेऊन जा. त्यांच्यासमोर सांगा."

मला नेमकी त्याचीच भीती होती.

पुढच्या रविवारी जावई आले. गाडीचे पॅड पुन्हा संपत आले होतेच. मी म्हटलं, कुंभारी रोडला घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली. शेडमध्ये तीन रिक्षावाले चहा पीत बसले होते. मिस्त्रींचे केस पांढरे झाले आहेत. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, अगदी पहिल्यापासून. किल्ली, घाई, जेवण, गिळलेला 'पण'. आणि ते वाक्य, मी काय मिस्त्री आहे. शेवटी म्हणालो, "यांनी मला बजावलं होतं. चूक माझी होती. यांचं काम चोख होतं."

जावयांनी गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. मग म्हणाले, "मामा, तुम्ही म्हणाला होतात नुसता पाय ठेवा. म्हणून मी नुसताच ठेवला. यांच्यावर ओरडलो खरा, पण सात वर्षं मला आतून वाटतंय की माझाच डोळा लागला होता. मामींना पुढे बसवून मी गाडी चालवत नाही आता. तुमच्या लक्षात आलं होतं का?"

लक्षात आलं नव्हतं. म्हणजे माझं गप्प बसणं एकालाच नव्हे, दोघांना भोवलं होतं.

मी मिस्त्रींपुढे हात जोडले. त्यांनी ते घाईघाईने खाली केले. त्यांच्या हाताचं ग्रीस माझ्या मनगटाला लागलं. त्यांनी सुताचा गुंता माझ्याकडे दिला.

"पुसा सर. ताई कशा हायत?"

"बऱ्या आहेत. भाकरी थापता येत नाही."

त्यांनी मान हलवली. ती गोष्ट त्यांनी पुसून टाकली नाही, 'जाऊ द्या' म्हणाले नाहीत. ते मला बरं वाटलं. मग चाकापाशी बसता बसता विचारलं, "घर त्येच हाय का? पहिला ब्रेक आता कुटं लागतो?"

"तिथेच. मावशी गेल्या, त्यांची सून बसते."

"मग मधलंच खोकं."

काम झालं. या वेळी ते स्वतः गाडी घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने आले. जावयांच्या देखत स्टिअरिंगला लाल दोरा बांधला. खिशातून चिठ्ठी काढली आणि थबकले.

"सर, एक काम करता का? माझं अक्षर लोकांस्नी वाचता येत न्हाय. तुमचं फळ्यावरचं अक्षर लई चांगलं असणार. चिठ्ठ्या लिहून द्या."

मी तिथेच पेन काढलं. मास्तरकी जात नाही. मी म्हणालो, "पण यातला शब्द दुहेरी आहे. त्यानेच घोटाळा झाला. आपण स्पष्ट लिहू या, 'नवीन ब्रेक पूर्ण कार्यक्षम होण्यास दोनशे किलोमीटर...'"

"न्हाय न्हाय," ते म्हणाले. "'बसवले, बसले न्हाईत' ह्येच लिवा. स्पष्ट लिवलं की माणूस वाचतो आन् गप बसतो. ह्ये वाचलं की इचारतो, म्हंजे काय हो? इचारलं की मी सांगतो."

एक रिक्षावाला म्हणाला, "आन् मिस्त्री सांगाया लागला की तासभर सुट्टी न्हाय!"

मी लिहिल्या. पहिली चिठ्ठी आमच्याच गाडीच्या दोऱ्यात ओवली गेली. आता दर आठवड्याला जावई नाहीतर एखादा रिक्षावाला कोऱ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणून देतो, मी जेवणानंतर लिहीत बसतो. अक्षर अजून वाचता येतं. परवा वसाहतीतल्या एकाने आमच्या गाडीतला दोरा पाहून हसत मला विचारलं, "काय सर, बसलेनव्हते गॅरेजला गेला होतात? म्हणजे काय हो ते नक्की?"

मी त्याला ओट्यावर बसवून घेतलं आणि सांगितलं.